एमिल झाटोपेक : जिंकण्याची शर्थ, देण्याची सहजता

१९६६ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. ऑस्ट्रेलियाचे विख्यात धावपटू रॉन क्लार्क प्रागमधील मुक्काम आटोपून परत निघाले होते. त्यांना निरोप देण्यासाठी त्यांचे यजमान विमानतळापर्यंत आले होते. यजमान त्रेचाळीस वर्षांचे, डोक्यावरचे केस विरळ झालेले, पण चाल अजूनही खेळाडूची. निरोपाच्या क्षणी त्यांनी क्लार्क यांना मिठी मारली आणि त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेली एक छोटीशी पुडी ठेवली. आत काय आहे, ते सांगितले नाही.

तो काळ शीतयुद्धाचा होता. झेकोस्लोव्हाकियात साम्यवादी राजवट होती आणि तेथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसावर व वस्तूवर नजर असे. एखादा गुप्त निरोप किंवा एखादी निषिद्ध वस्तू देशाबाहेर नेण्याचे काम आपल्याकडे सोपवले गेले की काय, अशी शंका क्लार्क यांच्या मनात डोकावली. तरीही त्यांनी ती पुडी जपून ठेवली आणि ते विमानात बसले.

पुडी देणाऱ्या यजमानांचे नाव होते एमिल झाटोपेक. चार ऑलिंपिक सुवर्णपदके आणि अठरा जागतिक विक्रम ज्यांच्या नावावर जमा होते, असे हे विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ दीर्घपल्ल्याच्या धावपटूंपैकी एक.

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला स्पर्धा शिकवावी लागत नाही. समोरच्या पेढीवर आज काय भाव फुटला, शेजारच्या दुकानात दिवाळीला किती गर्दी होती, याची नोंद तो नकळत ठेवत असतो. स्पर्धेवाचून उद्यम मंदावतो, हे खरे. पण तिच्या मागोमाग क्रोध, मान, माया आणि लोभ हे चारही कषाय दुकानाचा उंबरा ओलांडून आत येतात, हेही तितकेच खरे. आयुष्यभर जिंकण्यासाठी धावलेल्या आणि तरीही आपल्या प्रतिस्पर्ध्यांचा जिवलग राहिलेल्या या माणसाचे चरित्र म्हणूनच आपल्या घरांतून वाचले जावे असे आहे.

झ्लीनमधला नकार

एमिल झाटोपेक यांचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी मोराव्हिया प्रांतातील कोप्रिव्निट्से या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. घरात भावंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. शिक्षणाचा खर्च झेपण्यासारखा नव्हता, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा एमिल झ्लीन या शहरातील बाटा कंपनीच्या पादत्राणांच्या कारखान्यात कामाला लागला. ज्या बाटाची दुकाने आपल्याकडे गावोगावी दिसतात, तिचेच हे मूळ ठिकाण. दिवसा काम आणि संध्याकाळी कंपनीच्या शाळेत शिक्षण असा त्याचा दिनक्रम होता.

मुलाला खेळाची विशेष ओढ नव्हती. दुसरे महायुद्ध सुरू होते, देश जर्मनांच्या ताब्यात होता. अशात एके दिवशी कारखान्याच्या कडक शिस्तीच्या क्रीडाशिक्षकाने चार मुलांकडे बोट दाखवले आणि गावातील शर्यतीत धावायचे असे फर्मावले. त्या चौघांत एमिल होता. आपली प्रकृती बरी नाही, आपल्याच्याने हे होणार नाही, अशी सबब त्याने सांगून पाहिली. शिक्षकाने त्याला वैद्यकीय तपासणीस पाठवले. तपासणीत तो ठणठणीत निघाला. मग धावण्यावाचून गत्यंतरच उरले नाही.

शर्यतीत सुमारे शंभर मुले होती. धावायला लागल्यावर मात्र एमिलच्या मनात काहीतरी बदलले. आलोच आहोत तर जिंकायला हवे, असे त्याला वाटू लागले. तो दुसरा आला. पहिला क्रमांक हुकला, पण धावण्याची गोडी लागली. थोड्याच वर्षांत, १९४४ मध्ये, त्याने २०००, ३००० आणि ५००० मीटर या तिन्ही अंतरांचे राष्ट्रीय विक्रम मोडले.

ज्याने पहिल्या शर्यतीतून सुटका मिळावी म्हणून आजाराची सबब सांगितली, तोच पुढे जगातील सर्वांत चिवट धावपटू म्हणून ओळखला गेला. आपल्या मुलांच्या पहिल्यावहिल्या नकारावरून त्यांच्याविषयी कायमचे मत बनवणाऱ्या पालकांनी हा प्रसंग अवश्य लक्षात ठेवावा.

तपाचा क्रम

महायुद्ध संपल्यावर झाटोपेक सैन्यात दाखल झाले आणि त्यांनी लष्करी अकादमीत शिक्षण घेतले. येथेच त्यांच्या सरावाला त्यांचे खास रूप आले.

त्या काळातील दीर्घपल्ल्याचे बहुतेक धावपटू सरावातही लांबवर, एका लयीत धावत. झाटोपेक यांचा युक्तिवाद अगदी साधा होता. सावकाश धावणे तर आपल्याला येतेच. शिकायचे आहे ते वेगाने धावणे. म्हणून त्यांनी लांब पल्ल्याचे तुकडे पाडले. आधी २०० मीटरच्या पाच वेगवान धावा, मग ४०० मीटरच्या वीस, शेवटी पुन्हा २०० मीटरच्या पाच, आणि दोन धावांच्या मध्ये थोडे अंतर संथपणे धावून घेतलेला दम. असा एका काळातील त्यांचा नित्यक्रम होता. नुसत्या वेगाच्या धावाच दहा किलोमीटर भरत. पुढे वीसच्या जागी चाळीस आल्या आणि काही दिवशी त्याहूनही अधिक. थांबून थांबून वेगाने धावण्याची ही पद्धत पूर्वीही काही प्रशिक्षकांना ठाऊक होती. पण इतक्या मोठ्या प्रमाणावर ती कुणी आचरणात आणली नव्हती. आज जगभरचे धावपटू जो सराव करतात, त्याच्या मुळाशी या माणसाचे घामाने भिजलेले दिवस आहेत.

सरावासाठी त्यांनी सोयीची वाट कधी पाहिली नाही. पायांत जड लष्करी बूट घालून ते धावत. बर्फ असो, अंधार असो, धावणे चुकत नसे. एकदा घरचे कपडे न्हाणीच्या टबात भिजत घालून त्यांनी त्यावरच जागच्या जागी धावण्याचा सराव केला, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते.

आपल्या घरांतून तपश्चर्येची जी परंपरा आहे, तिच्याशी परिचित असलेल्यांना यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. मासक्षमणाचे पच्चक्खाण घेणारा तपस्वी एका रात्रीत घडत नाही. बियासणे, एकासणे, आयंबिल, उपवास, अट्ठाई अशा पायऱ्या चढत चढत देह आणि मन तयार होत जाते. झाटोपेक यांचे ध्येय अर्थातच निराळे होते. त्यांना शर्यत जिंकायची होती, कर्मनिर्जरा साधायची नव्हती. पण रोजच्या थोड्या थोड्या कष्टाने सहनशक्तीची सीमा पुढे सरकवता येते, हे सत्य त्यांनी आपल्या देहावर पारखून घेतले होते.

धावताना त्यांची मुद्रा मात्र पाहवत नसे. मान एका बाजूला कललेली, तोंड वेदनेने वाकडे झालेले, श्वासाचा आवाज दूरवर ऐकू येणारा. पाहणाऱ्याला वाटे, हा माणूस आता कोसळणार. तो कोसळत नसे. उलट पुढे निघून जाई. या मुद्रेवरून कुणी छेडले, तर एकाच वेळी धावण्याचे आणि हसण्याचे कौशल्य आपल्या अंगी नाही, असे ते मिस्कीलपणे सांगत.

लंडन, १९४८

युद्धानंतरचे पहिले ऑलिंपिक १९४८ मध्ये लंडनला भरले. १०,००० मीटर हे अंतर झाटोपेक यांना तसे नवेच होते. फिनलंडचे विश्वविक्रमवीर विल्यो हाइनो यांच्यावर सर्वांचे लक्ष होते. झाटोपेक यांनी प्रत्येक फेरीचा वेळ आधीच ठरवून घेतला होता आणि वेग ठरल्यापेक्षा कमी झाला की प्रेक्षकांतून लाल कपडा दाखवून इशारा देण्याची व्यवस्था केली होती. इशारा मिळताच त्यांनी आघाडी घेतली. त्या वेगाने हाइनो इतके थकले की त्यांनी शर्यत अर्ध्यावर सोडली. झाटोपेक यांनी २९ मिनिटे ५९.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. दुसरे आलेले फ्रान्सचे अलँ मिमून पाऊण मिनिटाहून अधिक मागे होते.

५००० मीटरची अंतिम शर्यत पावसाने चिखल झालेल्या मैदानावर झाली. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा बेल्जियमचे गास्तों राईफ बरेच पुढे होते आणि झाटोपेक यांचे सुवर्णपदक गेल्यातच जमा होते. अचानक त्यांनी असा वेग घेतला की सारे प्रेक्षागृह उभे राहिले. अंतर झपाट्याने घटत गेले, पण अंतिम रेषा आधी आली. ०.२ सेकंदांनी राईफ जिंकले. झाटोपेक यांना रौप्यपदक मिळाले.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला त्यांचा विवाह भालाफेकपटू डाना यांच्याशी झाला. योगायोग असा की पती आणि पत्नी दोघांचीही जन्मतारीख एकच, १९ सप्टेंबर १९२२.

पुढील काही वर्षे १०,००० मीटरच्या शर्यतीत त्यांना कुणी हरवू शकले नाही. १९४८ ते १९५४ या काळात या अंतराच्या सलग ३८ शर्यती त्यांनी जिंकल्या. सप्टेंबर १९५१ मध्ये एका तासात २०,०५२ मीटर धावून, तासाभरात वीस किलोमीटरचा टप्पा ओलांडणारे ते जगातील पहिले धावपटू ठरले.

विमान गेले, झाटोपेक थांबले

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी झेकोस्लोव्हाकियाचा संघ निघण्याच्या सुमारास एक प्रसंग घडला. संघातील तरुण धावपटू स्तानिस्लाव युंगविर्थ यांना अगदी ऐनवेळी वगळण्यात आले. कारण खेळातील नव्हते. त्यांचे वडील राजकीय कैदी होते आणि अशा घरातील मुलाला परदेशी पाठवणे सरकारला धोक्याचे वाटत होते.

हे कळताच झाटोपेक यांनी निर्णय घेतला. युंगविर्थ जाणार नसेल तर मीही जाणार नाही. संघाचे विमान निघून गेले. ते दोघे मागे राहिले. त्या राजवटीत सरकारी हुकमाला असा नकार देणे म्हणजे पदक, नोकरी आणि कदाचित स्वातंत्र्यही पणाला लावण्यासारखे होते. झाटोपेक तेव्हा सैन्यात अधिकारी होते, म्हणजे शिस्तभंगाची शिक्षाही अटळ दिसत होती. शेवटी सरकारनेच माघार घेतली आणि दोघेही हेलसिंकीला पोहोचले. याच युंगविर्थ यांनी पुढे १९५७ मध्ये १५०० मीटरचा जागतिक विक्रम केला.

सहकाऱ्यासाठी आपले चार वर्षांचे कष्ट डावाला लावणारा हा माणूस पुढच्या काही दिवसांत काय करणार होता, याची कुणालाच कल्पना नव्हती.

हेलसिंकीचे आठ दिवस

२० जुलै १९५२. १०,००० मीटरच्या शर्यतीत झाटोपेक यांनी २९ मिनिटे १७ सेकंदांचा नवा ऑलिंपिक विक्रम नोंदवला. मिमून पुन्हा दुसरे. या शर्यतीच्या आदल्या रात्रीची एक आठवण सांगितली जाते. एक ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक त्यांच्या भेटीस आले होते आणि त्यांच्या झोपण्याची सोय नव्हती. झाटोपेक यांनी त्यांना आपली खाट दिली आणि स्वतः बाहेर झाडीत जाऊन झोपले.

२४ जुलै. ५००० मीटरची अंतिम फेरी. शेवटच्या वळणाआधी ब्रिटनचे ख्रिस चॅटवे, जर्मनीचे हर्बर्ट शाडे आणि मिमून असे तिघे झाटोपेक यांच्या पुढे निघाले होते. ते चौथ्या क्रमांकावर होते. वळणावर त्यांनी बाहेरच्या बाजूने झेप घेतली आणि वेदनेने पिळवटलेला चेहरा घेऊन तिघांनाही मागे टाकले. चॅटवे कडेला अडखळून पडले. १४ मिनिटे ६.६ सेकंदांत झाटोपेक जिंकले, मिमून दुसरे आले, शाडे तिसरे.

त्याच दिवशी डाना यांनी ५०.४७ मीटर भाला फेकून सुवर्णपदक पटकावले. माझ्या विजयाने तिला स्फूर्ती मिळाली, असे झाटोपेक पत्रकारांपुढे गमतीने म्हणाले. त्यावर डाना यांनी लगेच सुनावले की असे असेल तर दुसऱ्या एखाद्या मुलीला स्फूर्ती देऊन पाहा, तीही पन्नास मीटर फेकते का! या डानाबाईंनी पुढे १९६० मध्ये, अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, रोमच्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदकही मिळवले.

याच हेलसिंकीत, २३ जुलै रोजी, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. महाराष्ट्राच्या मनात हेलसिंकीचे नाव कोरले गेले आहे ते त्यांच्यामुळे.

२७ जुलै. उरली होती मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरहून अधिक अंतर. झाटोपेक आयुष्यात कधीही मॅरेथॉन धावले नव्हते. शर्यतीत सर्वांत वेगवान मानले जात होते ते ब्रिटनचे जिम पीटर्स. झाटोपेक यांनी स्वतः जाऊन त्यांना आपली ओळख करून दिली आणि त्यांच्या सोबत राहण्याचे ठरवले. बरेच अंतर गेल्यावर त्यांनी पीटर्स यांना प्रामाणिकपणे विचारले की हा वेग ठीक आहे का. पीटर्स स्वतः थकू लागले होते. पण प्रतिस्पर्ध्याला चकवण्यासाठी त्यांनी उत्तर दिले की वेग फारच कमी आहे.

झाटोपेक यांनी हे उत्तर खरे मानले आणि वेग वाढवला! पीटर्स यांना पायांत गोळे येऊन सुमारे बत्तीसाव्या किलोमीटरपाशी शर्यत सोडावी लागली. झाटोपेक वाटेतल्या प्रेक्षकांशी, पोलिसांशी, छायाचित्रकारांशी गप्पा मारत धावत राहिले. त्यांनी स्टेडियममध्ये प्रवेश केला तेव्हा हजारो कंठांतून त्यांच्या नावाचा घोष उठला. वेळ होती २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंद. दुसरे आलेले अर्जेंटिनाचे रायनाल्दो गोर्नो अडीच मिनिटांनी पोहोचले. जमैकाच्या धावपटूंनी झाटोपेक यांना खांद्यावर उचलून मैदानात मिरवले.

एकाच ऑलिंपिकमध्ये ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यतींत सुवर्णपदक आणि तिन्हींत ऑलिंपिक विक्रम. हा पराक्रम त्यांच्याआधी कुणी केला नव्हता आणि त्यांच्यानंतर आजवर कुणाला साधलेला नाही.

पराभवाची सलामी

विजयात उदार राहणे त्यामानाने सोपे असते. माणसाची खरी पारख होते ती घसरणीच्या काळात.

१९५४ मध्ये झाटोपेक यांनी दोन दिवसांच्या अंतराने ५००० आणि १०,००० मीटरचे जागतिक विक्रम केले आणि १०,००० मीटर २९ मिनिटांच्या आत धावणारे ते पहिले ठरले. पण वय वाढत होते आणि नवे धावपटू पुढे येत होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी त्यांच्यावर हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. तरीही ते मॅरेथॉनला उतरले.

त्या उकाड्यात शर्यत जिंकली ती अलँ मिमून यांनी. लंडनमध्ये एकदा आणि हेलसिंकीत दोनदा, अशी तीन वेळा झाटोपेक यांच्या मागे दुसरे राहिलेले हेच ते मिमून. त्यांची ही पहिलीच मॅरेथॉन होती. अंतिम रेषा ओलांडल्यावर ते विश्रांतीला गेले नाहीत. आपला जुना मित्र अजून मैदानात आला नव्हता, त्याची वाट पाहत ते तिथेच थांबले. झाटोपेक सहावे आले, पार थकून गेलेले. मिमून त्यांच्यापाशी गेले आणि आपण जिंकल्याचे त्यांना सांगितले. झाटोपेक यांनी डोक्यावरची टोपी काढली, सैनिकाप्रमाणे खाडकन सलामी दिली आणि मिमून यांना कवटाळले. ही मिठी आपल्याला सुवर्णपदकापेक्षाही मोलाची वाटली, असे मिमून पुढे सांगत असत.

तीन वेळा हरवले गेलेले मिमून यांच्या मनात आकस धरून बसू शकले असते. झाटोपेक यांच्या मनातही आपली जागा गेल्याची जळजळ राहू शकली असती. दोघांनीही एकमेकांविरुद्ध पूर्ण शक्तीनिशी झुंज दिली होती, कुणी कुणाला सवलत दिली नव्हती. पण शर्यतीचे वैर त्यांनी शर्यतीनंतर घरी नेले नाही. संवत्सरीला आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो, तेव्हा समोरच्या दुकानदाराशी वर्षभर झालेल्या चढाओढीचाही हिशेब मनातल्या मनात मिटवायचा असतो. ते किती अवघड आहे, हे प्रत्येक व्यापारी जाणतो.

वावटळीचा काळ

निवृत्तीनंतर झाटोपेक सैन्यातच अधिकारी होते. देशाचे ते लाडके होते. १९६८ मध्ये त्यांच्या देशात स्वातंत्र्याचे वारे वाहू लागले. लुदविक वात्सुलिक या लेखकाने लिहिलेल्या ‘दोन हजार शब्द’ या सुधारणावादी जाहीरनाम्यावर झाटोपेक यांनीही स्वाक्षरी केली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. त्या दिवसांत झाटोपेक भर चौकात उतरले, रशियन सैनिकांशी त्यांच्याच भाषेत बोलले आणि या आक्रमणाचा त्यांनी उघड निषेध केला.

याची किंमत मोठी होती. त्यांना पक्षातून आणि सैन्यातून काढून टाकण्यात आले. हुद्दा गेला, मान गेला. भूगर्भ-संशोधनासाठी खोदकाम करणाऱ्या तुकड्यांसोबत रानोमाळ मजुरी करण्याची पाळी त्यांच्यावर आली. कित्येक वर्षे ते प्रागपासून आणि डानांपासून दूर, तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिले.

या कहाणीतील एक अवघड पानही उलटायला हवे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी झाटोपेक यांनी आपली १९६८ ची भूमिका जाहीरपणे मागे घेतली. ज्यांनी त्यांच्याकडून अखेरपर्यंतच्या लढ्याची अपेक्षा केली होती, ते दुखावले. त्यानंतर काही वर्षांनी त्यांना प्रागमध्ये परतता आले आणि परदेशी क्रीडा नियतकालिके वाचून टिपणे काढण्याचे साधेसे काम मिळाले. ज्या माणसाने एका सहकाऱ्यासाठी विमान सोडले, तोच माणूस दीर्घ छळापुढे नमला. आपल्या सुरक्षित घरात बसून त्याचा निवाडा करणे सोपे आहे. देहाच्या वेदनेला त्याने ज्या धैर्याने तोंड दिले, ते वर्षानुवर्षांच्या एकाकीपणापुढे पुरे पडले नाही, एवढेच फार तर म्हणता येईल. त्यामुळे तो अधिक मानवी वाटतो आणि त्याचे मोठेपण उणावत नाही. १९९० मध्ये, राजवट बदलल्यावर, शासनाने त्यांना पुन्हा सन्मानाने स्वीकारले.

पुडीत काय होते

आता पुन्हा १९६६ च्या त्या विमानाकडे वळू.

रॉन क्लार्क हे व्यवसायाने हिशेबनीस. मेलबर्नला नोकरी सांभाळून ते धावत. १९५६ च्या ऑलिंपिकची ज्योत स्टेडियममध्ये प्रज्वलित करण्याचा मान तरुण वयात त्यांना मिळाला होता. म्हणजे झाटोपेक यांच्या अखेरच्या ऑलिंपिकची ज्योत त्यांच्याच हातून पेटली होती. पुढे त्यांनी जागतिक विक्रमांची रांग लावली. १९६५ मध्ये १०,००० मीटर २७ मिनिटे ३९.४ सेकंदांत धावून, २८ मिनिटांच्या आत हे अंतर पार करणारे ते पहिले ठरले. पण ऑलिंपिक सुवर्णपदकाने त्यांना सतत हुलकावणी दिली. १९६४ मध्ये टोकियोला १०,००० मीटरमध्ये त्यांना कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

झाटोपेक यांच्या काळातील अनेक विक्रम या क्लार्क यांनी मागे टाकले होते. व्यापारी भाषेत बोलायचे तर झाटोपेक यांची बाजारपेठ घेऊन गेलेला हा नवा गडी. अशा माणसाला झाटोपेक यांनी घरी बोलावले, पाहुणचार केला आणि निघताना ती पुडी दिली.

क्लार्क यांनी पुडी उघडली. आत एक सुवर्णपदक होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचे, १०,००० मीटरचे. त्यावर क्लार्क यांचे नाव कोरलेले होते. हे मैत्रीखातर देत नाही, तुमची ती पात्रता आहे म्हणून देतो, अशा अर्थाचे शब्द निरोप देताना झाटोपेक बोलले होते. त्यांचा अर्थ क्लार्क यांना आता कळला. एकटे बसलेले असताना त्यांचे डोळे भरून आले.

‘जिन’ या शब्दाचा अर्थच मुळी जिंकणारा असा आहे. भरताला द्वंद्वात जिंकल्यावर, राज्य हातात आलेले असताना, बाहुबलींनी त्याच क्षणी ते सोडून दिले. ती कथा लहानपणापासून आपण ऐकत आलो आहोत. झाटोपेक काही विरक्त नव्हते. ते संसारी होते, हौशी होते, शर्यत जिंकण्यासाठी जीव तोडून धावणारे होते. गृहस्थासाठी आपल्याकडे परिग्रहाचे परिमाण सांगितले आहे. मिळवू नये असे सांगितलेले नाही. मिळवलेल्याला किती घट्ट धरून ठेवायचे, याची मर्यादा घालायची आहे. चारपैकी एक सुवर्णपदक झाटोपेक यांनी कुणालाही न सांगता, पत्रकारांना न बोलावता, साध्या कागदात गुंडाळून दिले. गुप्तदानाची महती आपण सारेच गातो. पण आपल्या सर्वांत प्रिय वस्तूवर दुसऱ्याचे नाव कोरून ती देणारे किती निघतील?

दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, मेक्सिको शहरात ऑलिंपिक झाले. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या विरळ हवेत क्लार्क १०,००० मीटरची शर्यत कसेबसे पूर्ण करून कोसळले आणि बराच वेळ बेशुद्ध राहिले. ते सहावे आले. या शर्यतीतील सुवर्णपदकाची शेवटची संधीही गेली. त्याच दिवसांत तिकडे प्रागमध्ये झाटोपेक यांच्याभोवतीचा फास आवळत चालला होता आणि लवकरच त्यांचा हुद्दाही गेला.

झाटोपेक यांचे २१ नोव्हेंबर २००० रोजी प्रागमध्ये निधन झाले. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात त्यांना निरोप देण्यात आला. डाना त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे जगल्या. २०२० मध्ये, सत्त्याण्णवव्या वर्षी, त्या गेल्या. रॉन क्लार्क यांचे २०१५ मध्ये निधन झाले. आयुष्यभर विक्रमांमागून विक्रम करूनही त्यांना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकता आले नाही. जे एक त्यांच्याकडे होते, ते त्यांनी अखेरपर्यंत प्राणापलीकडे जपले.